परतीची रेघ

शाळेतून निरोप आला तेव्हा बार्नी घराबाहेर शेकोटीपाशी चहाचं पाणी उकळायची वाट बघत बसला होता. निरोप घेऊन आयव्ही स्वतःच आली. ती शाळेत मदतनीस होती आणि नात्याने त्याची चुलत बहीण. ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली,

"दादा, शाळेत चला. नव्या बाईंनी घोटाळा करून ठेवलाय."

"शाळेतला घोटाळा मी काय निस्तरणार? मी चौथीसुद्धा पास नाही."

"तुमच्याच घरातला घोटाळा आहे," आयव्ही म्हणाली. कुत्र्याला पायाने बाजूला सारून ती चालूही लागली. बार्नीने डबा विस्तवावरून उतरवला आणि तिच्या मागे निघाला.

ऑगस्टची, ऐन हिवाळ्यातली सकाळ होती. वारा बोचरा होता आणि लाल धूळ जमिनीलगत पळत होती. शाळेच्या व्हरांड्यात मुलांची चित्रं वाळत ठेवली होती. अकरा कॅनव्हास होते आणि प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांवर चार दगड. बार्नी पायरीवरच थांबला. जवळ जायची गरज नव्हती. डावीकडे दोन गोल, उजवीकडे एक मोठा गोल, डाव्या गोलांशी घोड्याच्या नालासारख्या दोन खुणा, म्हणजे दोन बाया मांडी घालून बसलेल्या. अकराही चित्रांत तेच. त्याच्या बायकोचं चित्र.

ती जाऊन सात महिने झाले होते. गेल्यापासून तिचं नाव कोणी घेतलेलं नव्हतं. मेलेल्याचं नाव घेतलं की जाणारा मागे वळतो आणि राहिलेल्यांना पुन्हा पहिल्या दिवसापासून रडावं लागतं. ते राहत होते ते घर धुरी देऊन बंद केलं होतं आणि बार्नी वस्तीच्या दुसऱ्या टोकाला येऊन राहिला होता. वस्तीच्या चित्रशाळेत तिची जी चित्रं शिल्लक होती त्यांची तोंडं भिंतीकडे केली होती. तिच्या बापाच्या घराण्यातून तिला आलेली गोष्टही तिच्याबरोबर मिटली होती. ती पुन्हा कधी उघडायची ते तिच्या माहेरच्या माणसांनी ठरवायचं. तोवर ती कोणी काढायची नाही, सांगायची नाही.

"सुट्टीवर होते ना मी तीन दिवस, तेवढ्यात सुरू केलं," आयव्ही हळूच म्हणाली. "लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात सापडलं म्हणे."

तेवढ्यात फिओनाबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, अ‍ॅडलेडहून या वर्षीच आलेल्या. हाताला निळा रंग लागलेला.

"बार्नी, तुम्ही आलात, फार बरं झालं. बघा ना कशी काढलीत. अ‍ॅलिस गावात शाळांचं प्रदर्शन आहे. आपल्या मुलांनी आपल्याच गोष्टी काढायच्या असं मी ठरवलं. आयव्ही म्हणाली, ठिपके घालण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही."

आयव्हीने बाईंना बाजूला नेलं आणि इंग्रजीत बराच वेळ काहीतरी सांगितलं. बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. परत आल्या तेव्हा त्या बार्नीकडे बघत नव्हत्या.

"मला खरंच माहीत नव्हतं. पुस्तकात खाली नाव छापलेलं होतं, मी वर्गात ते मोठ्याने वाचलं. मुलं एकदम गप्प झाली. मला वाटलं, लक्ष देऊन ऐकतायत."

बाईंनी हाताचा निळा रंग चोळून काढायचा प्रयत्न केला.

"मी ही सगळी टाकून देते."

"टाकू नका," तो म्हणाला. "मुलांनी हाताने काढलंय. नुसती उलटी करून ठेवा. मुलांना त्यांच्या त्यांच्या आजोबांची गोष्ट विचारून काढू दे. नाहीतर फुटबॉल काढू दे."

"फुटबॉल," दाराआडून कोणीतरी म्हणालं आणि आत चार-पाच जण खिदळले.

आयव्ही एकेक कॅनव्हास उलटा करत गेली. दहा झाले. अकराव्याला तिने हात लावला तेव्हा एक मुलगी दारातून पुढे आली आणि कॅनव्हासच्या कडेवर पाय देऊन उभी राहिली.

"माझं उलटं करायचं नाही. ही माझ्या घराण्याची गोष्ट आहे."

ती बार्नीच्या मेव्हण्याच्या मुलाची मुलगी. अकरा वर्षांची, पाय काटकुळे, केस लाल धुळीने राठ झालेले. तिला तिच्या आत्याआजीचं, म्हणजे बार्नीच्या बायकोचंच, नाव ठेवलेलं होतं. त्यामुळे सात महिन्यांपूर्वी आत्याआजीबरोबर तिचंही नाव बुडालं होतं. आता वस्ती तिला नुसतं कुमंजायी म्हणे, म्हणजे जिचं नाव घ्यायचं नाही ती. फक्त बाई हजेरी घेताना जुन्या नावाने हाक मारायच्या आणि तेव्हा ती ओ द्यायची नाही. बाई तिच्या नावापुढे गैरहजर लिहायच्या.

"पाय काढ," आयव्ही म्हणाली.

"आयव्हीआजी, तूच सांग, मी नुंगराई गटाची आहे की नाही? ती पण नुंगराई होती. बापाकडून येते ना गोष्ट? माझ्या बापाला बहीण नाही. माझ्या आजोबांच्या दोन बहिणी, त्यातली एक गेली. मग कोणाची आहे ही?"

आयव्हीने बार्नीकडे पाहिलं. मुलीचं म्हणणं खरं होतं. ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त इतक्या लवकर कोणी बोलायचं नसतं.

बार्नी खाली वाकला आणि त्याने तिचं चित्र नीट पाहिलं. हात चांगला होता. रेघ थरथरलेली नव्हती. दोन बहिणी पाणथळीपाशी गवताच्या बिया गोळा करतात. धाकटीला लांबवर धूर दिसतो आणि ती धुराच्या मागे निघते, तिची रेघ डावीकडून उजवीकडे मोठ्या गोलापर्यंत जाते. इथवर बरोबर होतं. पण मुलीने मोठ्या गोलापासून एक रेघ वळवून पुन्हा डावीकडे आणली होती, थेट थोरल्या बहिणीपर्यंत.

"ही परतीची रेघ कुठून आणलीस?"

"पुस्तकात चित्र दोन पानांवर आहे," ती म्हणाली. "रेघा पुसट छापल्यात आणि मधला भाग तर शिवणीत गेलाय. दिसत नाही. मग प्रत्येकाने आपापल्या मनाने भरला. चूक आहे का?"

उत्तर बार्नीच्या तोंडाशी आलं होतं. तो उठून उभा राहिला आणि त्याने टोपी नीट केली.

"मला विचारू नकोस. ती बायकांची गोष्ट आहे."

हेही खरं होतं. जवळजवळ चाळीस वर्षं तो त्या चित्राच्या शेजारी बसला होता, पण त्याचं काम वेगळं होतं. सकाळी ती झाडाच्या सावलीत कॅनव्हास पसरायची आणि रेघा काढायला घ्यायची. काढताना ती तोंडातल्या तोंडात गायची, आणि ते गाणं पुरुषांनी ऐकायचं नसे. तेवढा वेळ तो सरपणाला जायचा, नाहीतर गाडीच्या इंजिनात डोकं घालून बसायचा. रेघा झाल्या की ती हाक मारायची, "ये रे, लेंड्या टाकायला ये." त्याच्या ठिपक्यांना ती लेंड्या म्हणायची. मग दोघं समोरासमोर बसून रेघांमधली जागा ठिपक्यांनी भरत जायची. तो एका टोकाने, ती दुसऱ्या टोकाने, आणि मध्ये भेटायची. ठिपके कोणीही घालावेत, त्याला मनाई नव्हती. रेघ मात्र तिची.

शाळेच्या फाटकाशी आयव्ही त्याच्यामागून आली.

"दादा, मुलगी हट्टी आहे. ती काढणारच. चूक काढण्यापेक्षा बरोबर काढलेली काय वाईट?"

"सांगणार कोण?"

"तुमची अक्का आहे की अ‍ॅलिसला. तीच उघडेल आणि तीच शिकवेल. गुरुवारी दवाखान्याची गाडी जाते. घेऊन जा पोरीला."

अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. ती तीन वर्षं अ‍ॅलिसला होती. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशीनमधून धुऊन काढावं लागे, आणि ते मशीन वस्तीत नव्हतं. बायकोही शेवटचं वर्ष तिथेच होती. बार्नीला त्या गावात पाऊल टाकायचं नव्हतं. पण आयव्हीला नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

गुरुवारी पहाटेच गाडी निघाली. रस्ता सगळा खाचांचा, चार तास हाडं खिळखिळी होतात. गाडीत दोन पेशंट होते आणि मागच्या बाकावर बार्नी आणि मुलगी. ती वाटेत प्रश्न विचारत राहिली. अक्काआजी रागावते का, तिला रंग आवडतात का, तिच्यासाठी कांगारूची शेपटी आणायला हवी होती का.

"तिला आता शेपटी चालत नाही. मीठ बंद आहे."

"मग ती जगते कशाला?" मुलगी म्हणाली. पुढे बसलेली पेशंट बाई वळून म्हणाली, "तेच मी डॉक्टरला विचारते, बाळ," आणि स्वतःच हसली.

अक्का पेशंटांच्या वसतिगृहाच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ऊन खात बसली होती. पायांवर घोंगडी, हाताला पट्टी. बार्नीने लांबूनच खाकरून आपण आल्याचं कळवलं.

"कोण रे तू म्हाताऱ्या?"

"मी जंगाला," त्याने नावाऐवजी आपला गट सांगितला. "ओळखलं नाहीस होय अक्का?"

"ओळखलं की. माझ्याशी लग्न करायचं सोडून माझ्या बहिणीच्या मागे लागलास तो." तिच्या तोंडात तीन-चारच दात राहिले होते. ती ते दाखवून हसली. "बरं झालं म्हणा. नुसता घोडा पळवायचास. घरी बसलास तर शपथ. मी चार दिवसांत हाकलला असता."

बार्नीला हसू आलं. तिची अशी बोलणी तो तरुणपणापासून ऐकत आला होता, आणि त्याला वाटलं, अजून सगळं शाबूत आहे. मग मुलगी त्याच्या मागून पुढे आली. अक्काने तिच्याकडे पाहिलं. म्हातारीचा चेहरा एकदम मऊ झाला आणि तिने मोठ्याने नाव घेतलं.

सात महिन्यांत ते नाव बार्नीच्या कानावर पडलेलं नव्हतं. त्याने मनातसुद्धा ते उच्चारलं नव्हतं. त्याने एका रिकाम्या खुर्चीची पाठ धरली. मुलगी तोंडावर हात ठेवून उभी होती. शेजारच्या खुर्चीवरची दुसऱ्या वस्तीची बाई मान फिरवून बसली.

"कुठे होतीस इतके दिवस?" अक्का मुलीला म्हणाली. "मी एकटीच जाते त्या सुईवर. तू आज येते, उद्या येते म्हणतेस आणि येत नाहीस. ये, बस इथे."

मुलगी तिच्या पायाशी बसली. अक्का तिच्या केसांतून हात फिरवू लागली.

"अक्का," बार्नी म्हणाला, "ही तुझ्या भावाची नात. ती नव्हे."

"तू गप रे. बायकांमध्ये बोलू नको."

मुलीने बार्नीकडे पाहिलं आणि मग धीर करून तिने ज्यासाठी आले होते तो विषयच काढला. "दोन बहिणींची गोष्ट सांगशील? बियांची. मला काढायचीय."

"मला विचारतेस?" अक्का हसली. "आत्याच्या मांडीवर बसून तू शिकलीस. मी सदानकदा सरपणाला. मला अर्धीमुर्धी येते."

"अर्धी तर अर्धी सांग."

अक्काने डोळे मिटले आणि मांडीवर तळहाताने ठेका धरला. गाणं सुरू व्हायच्या आधीच बार्नी वळला आणि अंगण ओलांडून कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. समोरून ट्रक जात होते. एक ट्रक गेला की त्याचा आवाज विरायच्या आत तो दुसऱ्याची वाट बघायचा, कानावर काही पडू नये म्हणून. पण आवाजाचे तुकडे येतच होते. पुन्हा पुन्हा तेच येत होतं, एकाच जागी चढणारं आणि एकाच जागी तुटणारं.

बऱ्याच वेळाने मुलगी त्याच्याजवळ आली. तिने कुंपणाच्या तारेत बोटं अडकवली.

"पहिलीच ओळ म्हणते. दोघी बिया वेचतात एवढंच आहे त्यात. मग थांबते आणि म्हणते, पुढचं तू म्हण. मी म्हटलं, मला येत नाही. तर मला चिमटा काढला. म्हणते, माझी चेष्टा करतेस."

"उघडायचं विचारलंस?"

"काय उघडणार? तिच्यासाठी मिटलंच नाहीये. तिच्यासाठी कोणी मेलेलंच नाही."

निघताना अक्का मुलीचा हात सोडेना. शेवटी नर्सने येऊन सोडवला. "उद्या तरी येशील ना?" अक्का विचारत होती. मुलगी येते म्हणाली. बार्नीने निरोप घेतला तेव्हा अक्काने त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

परतीच्या वाटेवर मुलीने चिप्स खाल्ल्या आणि उरलेल्या कागदात गुंडाळून ठेवल्या. अर्धा रस्ता झाल्यावर ती म्हणाली,

"आजोबा, तुम्हाला येते."

"मी पुरुष आहे."

"चाळीस वर्षं तुम्ही ठिपके घातलेत. डोळे मिटून घातलेत का?"

"ठिपके म्हणजे गोष्ट नव्हे."

"सगळी नका सांगू. माझी रेघ बरोबर आहे की चूक, एवढंच सांगा. नुसती मान हलवा. बोलायचं पण नाही."

बार्नी खिडकीबाहेर बघत राहिला. मान हलू नये म्हणून त्याने हनुवटी छातीशी धरून ठेवली होती.

पुढचे दोन दिवस त्याला अन्न गेलं नाही. विचार करायची त्याला सवय नव्हती, ते काम घरात बायको करायची. पण आता दुसरं कोणी नव्हतं. त्याने न सांगितलं तर गोष्ट अक्काबरोबर संपणार आणि अक्काकडे आता ती नव्हतीच. म्हणजे संपलीच होती. त्याने सांगितलं तर तो चोर. बायकांची वस्तू पुरुषाने उचलून दुसऱ्याला दिली असं होणार. पूर्वी अशा माणसाला भाल्याने मांडीत भोसकायचे. नंतरच्या काळात म्हाताऱ्या बाया काठ्या घेऊन दारात यायच्या. बार्नी एकेकीला आठवत गेला, कोण कोण आली असती. एकही उरली नव्हती. शिक्षा करायला ज्या बाया लागतात त्यासुद्धा गेल्या होत्या. ही गोष्ट लक्षात आल्यावर त्याला जे वाटलं ते भीतीपेक्षा वाईट होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो शाळेत गेला आणि मुलीला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेला. तिथे मऊ वाळू होती. त्याने गुडघे टेकले, तळहाताने वाळू सपाट केली आणि काडी घेतली.

"मी सांगत नाहीये," तो म्हणाला. "मी नुसतं काढतो. तू बघ."

मुलगी उकिडवी बसली. त्याने डावीकडे दोन गोल काढले, दोन बाया काढल्या. मग धाकटीची रेघ. ती सरळ जात नाही, एके ठिकाणी खाली झुकते आणि पुन्हा वर येते. त्याच्या हाताला ते वळण अचूक ठाऊक होतं. उजवीकडे मोठा गोल. रेघ गोलात गेली आणि तिथेच थांबली. त्याने काडी उचलली.

"संपलं?"

"संपलं."

"ती परत येत नाही?"

त्याने मान हलवली. नाही.

मुलगी वाळूवर वाकली. मग तिने बोट त्या खालच्या वळणावर ठेवलं.

"इथे का वाकते रेघ? काय आहे इथे?"

बार्नीने तोंड उघडलं. त्याला वाटलं होतं, उत्तर आत असेल.

"टेकडी असेल," तो म्हणाला.

"असेल म्हणजे? नाव काय त्या जागेचं?"

"नाव..."

"बरं, धूर कोणाचा होता? कोणी पेटवला होता?"

बार्नीने काडी दुसऱ्या हातात घेतली.

"या गोलात काय आहे? पाणी आहे की माणसं आहेत? ती तिथे मेली का तिथे राहिली? का लग्न झालं तिचं?"

"थांब जरा," तो म्हणाला. त्याने डोळे मिटले. त्याला कॅनव्हास दिसत होता, शेकडो कॅनव्हास. कुठे पांढरे ठिपके, कुठे पिवळे, किती ओळी, कुठे दाट आणि कुठे विरळ. वळणापाशी ती नेहमी पांढऱ्याच्या तीन ओळी घालायला लावायची. एकदा त्याने चार घातल्या होत्या तर तिने ओल्या चिंधीने पुसून टाकल्या होत्या. का तीन, हे त्याने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने पुरुषाला सांगण्यासारखं तेवढं सांगितलं असतं, कदाचित. पण तो तिच्यासमोर बसून इंजिनाचं बोलायचा, घोड्यांचं बोलायचा, आणि ती हूं हूं करायची. एवढी वर्षं त्याला वाटत आलं होतं की आपल्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि आपण ती बोलत नाही, कारण रीत पाळतो. रीत पाळण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच. त्याच्याकडे फक्त मधली जागा होती.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "मला काहीच ठाऊक नाही."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. तिने तळहात वाळूवर ठेवला आणि सगळं सावकाश पुसून टाकलं, कडेपर्यंत, एकही खूण राहू न देता.

"तुम्ही हे काढायला नको होतं, आजोबा," ती म्हणाली. "मी कोणाला सांगणार नाही."

"आता तू कशी काढशील?"

"माझी आहे तशीच ठेवणार."

"पण ती परत येत नाही, पोरी."

"का येत नाही ते तुम्हाला सांगता येत नाही. माझी का परत येते ते मला सांगता येतं." ती उठली, गुडघ्यांची वाळू झटकली. "थोरलीला एकटीने जेवता येत नाही म्हणून येते. कोणी विचारलं तर मी काय सांगू? रेघ थांबते, कारण थांबते?"

घंटा झाली. ती दोन पावलं गेली आणि वळली. "ठिपके घालायला याल? माझ्याने शुक्रवारपर्यंत एकटीने भरून होणार नाही."

तो मंगळवारी गेला, बुधवारी गेला, गुरुवारीही गेला. अक्काला जमत नाही म्हणून मुलीच्या बापानेच गोष्ट उघडायला हो म्हटलं होतं. वर्गात मुलं फुटबॉल काढत होती, जीपगाड्या काढत होती. एकाने आजोबांचा गरुड काढला होता आणि तो कोंबडीसारखा दिसतो म्हणून सगळे त्याला कुक-कुक करून चिडवत होते. बार्नी आणि मुलगी जमिनीवर समोरासमोर बसले. तो एका टोकाने, ती दुसऱ्या टोकाने. मोठ्या गोलाच्या खाली आल्यावर त्याचा हात जुन्या सवयीने मोकळ्या जमिनीवर ठिपके टाकत सरळ पुढे जायचा आणि परतीच्या रेघेला अडायचा. दोनदा रेघेवरच ठिपका पडला. मुलीने तो चिंधीने टिपून घेतला.

"तुम्ही छान घालता," ती म्हणाली.

"तिला आवडायचे नाहीत," तो म्हणाला. "ती त्यांना लेंड्या म्हणायची."

मुलगी इतकी हसली की तिच्या हातातली काडी पडली. बार्नीला हसता आलं नाही. बायकोविषयी त्याला खात्रीने सांगता येण्यासारखं एवढंच होतं आणि तेही आता सांगून झालं होतं.

शुक्रवारी सकाळी चित्रं न्यायला गाडी आली. फिओनाबाईंनी प्रत्येक चित्राच्या शेजारी लावायला एकेक कार्ड लिहिलं होतं. मुलीच्या कार्डावर नावाच्या जागी आयव्हीने सांगितल्याप्रमाणे कुमंजायी असं लिहिलं होतं. या वेळी आपली चूक होऊ नये म्हणून बाई कार्ड घेऊन बार्नीकडे आल्या आणि एकेक शब्द सुटा करत त्यांनी वाचून दाखवलं. दोन बहिणी पाणथळीपाशी बिया वेचत होत्या. धाकटी धुराच्या मागे गेली. संध्याकाळी ती परत आली, कारण थोरलीला एकटीने जेवता येत नाही. ही या मुलीच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली गोष्ट आहे.

"बरोबर आहे ना?" बाईंनी विचारलं. "काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा. एकदा भिंतीवर लागलं की लोक तेच खरं धरतील."

मुलगी गाडीच्या चाकापाशी उभी राहून ऐकत होती.

"बरोबर आहे," बार्नी म्हणाला.

आयव्हीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ती चित्रं तिने लहानपणापासून बघितली होती. तिने चिकटपट्टीचं टोक दातांनी तोडलं, मुलीचं चित्र कागदात गुंडाळून बंद केलं आणि पुढचं घेतलं.